येते ना फिरून

मागून हाक मारली की आमचे विज्ञानाचे सर वळत. वळत म्हणजे काय, वळायला लागत. मान एकटी कधी वळायची नाही. आधी हातातली पिशवी या हातातून त्या हातात जाई, मग एक पाय सरके, मग दुसरा, मग पोट, आणि सगळ्यांच्या शेवटी तोंड. तोवर हाक मारणारा कंटाळून निघून गेलेला असे. सरांना त्याचं काहीच नाही. रिकाम्या रस्त्याकडे पाहून म्हणत, "येते ना फिरून. काऊन घाई?"

तुमच्याही गावात असा एखादा असेल. आळशी माणसं मी पुष्कळ पाहिली आणि त्यांचा मला राग येत नाही. आळशी माणूस निदान खाली मान घालून आळस करतो. आमच्या सरांनी आपल्या आळसाला थेट आभाळातून दाखला आणला होता. संताप यायचा तो त्याचा.

बुलढाणा जिल्ह्यात धाडच्या पलीकडे आमचं गाव, आणि गावाबाहेर टिनपत्र्याची आमची शाळा. मी गणित शिकवायचो. लोणारचं तळं आभाळातून पडलेल्या दगडानं झालं, हे तेव्हा नुकतंच लोकांच्या कानावर यायला लागलं होतं. सरांनी रेडिओवर त्यावरचं भाषण ऐकलं. आपल्याच जिल्ह्यातलं लोणार, पण तिथं जाणं त्यांना जन्मात जमलं नाही, कारण गाडी बदलावी लागते. भाषणातली एक गोष्ट मात्र त्यांनी घट्ट धरली. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात असंख्य दगड सूर्याभोवती फिरत असतात. बहुतेक दगड काही तासांत स्वतःभोवती गिरकी घेतात, पण एखादा इतका सावकाश फिरतो की त्याचा एक दिवस संपेपर्यंत आपले कितीतरी दिवस जातात.

"पाहा मास्तर," ते मला म्हणाले, "डोंगराएवढा दगड. त्याले हाय का काही घाई?"

"त्याच्यावर कोणी राह्यते का, सर?"

"नाही."

"मंग त्याले घाई कायची?"

सर समाधानाने हसले. मी त्यांच्याच बाजूने बोललो असं त्यांना वाटलं.

पुढे त्यांनी बांधावरचा एक काळा दगड आणला, त्याच्यावर एका अंगाला चुन्याची फुली मारली आणि जाड सुतळीनं तो वर्गाच्या आढ्याला टांगला. तास सुरू झाला की दगडाला पीळ द्यायचा आणि खुर्चीत बसायचं. दगड कण्हत-कुथत फिरायचा. फुली समोर आली की धडा सुरू. पोरं आधी दगडाकडे पाहायची, मग एकमेकांकडे, मग झोपायची. परीक्षा तोंडावर आली तरी पुस्तक अर्ध्यावरच. शेवटी गणिताच्या जोडीला विज्ञानही मीच सकाळी लवकर बोलावून शिकवायचो. सर दाराशी येऊन ऐकत आणि म्हणत, "चांगलं शिकवून राह्यले, मास्तर." आभार वगैरे मानायचं त्यांच्या डोक्यात यायला बहुधा अजून एक फेरा बाकी असायचा.

त्यांची थोडी शेती होती. पावसानंतर जमीन पेरणीजोगी होते, तो वापसा. दोन-तीन दिवस टिकतो आणि जातो. सगळा गाव तिफणी घेऊन शेतात असायचा आणि सरांची तिफण गोठ्याच्या भिंतीला टेकलेली. शेजारच्या शेतकऱ्यानं एकदा तोंडावर ऐकवलं, "सर, वापसा गेला तं गेला. थो काही तुमच्या टांगल्या दगडावानी फिरून येत नाही." सरांनी यावर विचार करतो म्हटलं. शेजाऱ्याची ज्वारी गुडघ्याला लागली तरी त्यांचा विचार चालूच होता.

इथपर्यंतही मी सोडून दिलं असतं. शेत त्यांचं, उपासमार त्यांची. पण घरात सुमन होती.

सुमन त्यांची एकुलती एक मुलगी, लहानपणीच आईवेगळी झालेली. माझ्या हाताखाली शिकली आणि मॅट्रिकला पहिल्या वर्गात आली. तिला शिक्षिका व्हायचं होतं. त्यासाठी बुलढाण्याच्या अध्यापक विद्यालयात मुलाखत द्यायची होती. ती हुकली तर पुढं काय, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. एक बिजवर दारात खेटे घालतच होता.

मुलाखतीच्या दिवशी पोरगी पहाटेच तयार होऊन ओट्यावर बसली. सर दाढी करत होते. सकाळची गाडी गेली तेव्हा त्यांचा एक गाल झाला होता. दुपारच्या गाडीनं बापलेक पोचले, तोवर सगळं आटोपलं होतं. संध्याकाळी परत आल्यावर सर मला म्हणाले, "येते ना फिरून. पुढच्या सालीबी मुलाखत राह्यतेच." वर्षभर सुमननं बापाच्या शेतात कापूस वेचला आणि वापसाही तिनंच सांभाळला. बिजवराकडून निरोप आला, की यंदा काय ते सांगा.

दुसऱ्या वर्षी मी स्वतः स्टँडवर जाऊन उभा राहिलो. माझा माझ्यावरच भरवसा, सरांवर नाही. बापलेक वेळेत आले. मला आश्चर्य वाटलं. तेवढ्यात सर समोरच्या हॉटेलात शिरले आणि रस्त्याकडे पाठ करून बशीत चहा ओतू लागले. गाडी आली.

"सर, गाडी!" मी ओरडलो.

"थांबते ना. डायवर वळखीचा हाय."

त्या दिवशीचा ड्रायव्हर नवा होता. कंडक्टरनं दोरी ओढली. सुमननं बापाच्या पाठीकडे एकदा पाहिलं आणि ती एकटीच चढली. खिडकीतून तिनं हाक मारली, "बाबा! जाते मी!" निघताना आपल्याकडे 'येते' म्हणतात. स्टँडवरच्या दोन बायांनी चमकून वर पाहिलं. गाडी हलली तशी तिनं पुन्हा हाक मारली.

सरांनी बशी ठेवली. पिशवी या हातातून त्या हातात गेली. एक पाय सरकला, मग दुसरा. तोंड रस्त्याकडे आलं तेव्हा रस्त्यावर फक्त धूळ होती.

"गेली?"

"गेली," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू, मला त्यांची तसूभर कीव आली नाही. मला आनंद झाला होता. त्यांनी उरलेला चहा संपवला आणि ते घरी गेले.

सुमनला प्रवेश मिळाला, नोकरीही लागली. पण ती वरवट बकालकडं, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. दिवाळीला यायची. सर तिला घ्यायला स्टँडवर जायचे. ती घरी येऊन चूल पेटवायची, तेव्हा हे स्टँडवर पोचायचे. तिथं कोणी भेटलं तर सांगायचे, "सुमी येऊन राह्यली." ते सांगताना त्यांचं तोंड असं काही उजळायचं, की मी दुसरीकडे पाहायचो.

सर गेले ते हिवाळ्यात. सुमनला निरोप धाडला, पण अंतर लांबचं. गाव दुपारभर थांबलं. दिवस कलला तशी म्हातारी माणसं म्हणाली, आता उचला. आमच्या गावचा विसावा स्टँडसमोरच्या लिंबाखाली आहे. तिथं तिरडी क्षणभर खाली टेकवतात, आणि पुन्हा उचलताना तिची दिशा फिरवतात. चौघांनी तिरडी उचलायला आणि धाडकडून गाडी येऊन थांबायला एकच गाठ पडली. सुमन उतरली. पदर सावरायचंही भान नव्हतं. धावत येता येता ती ओरडली, "बाबा!"

आणि सर पहिल्याच हाकेला वळले.