सातव्या झेंड्याचं पाणी

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. सातव्या झेंड्याच्या उताराला, पाइपाच्या तोंडाशी उकिडवा बसून मी पाण्याची वाट पाहून राहिलो होतो. तपासणीसाठी वर दोन टँकर पाणी ओतून झालं होतं. पाइप कोरडा होता. हात घालून पाहिला. कोरडाच.

पाइप कसला ते सांगतो. अर्जुनी मोरगावाकडं, आमच्या गावाला लागून, गोंदियाच्या एका शेठनं हॉटेल काढलं. त्याच्या मागं गोल्फचं मैदान, नऊ झेंड्यांचं. नकाशा पुण्याच्या एका मॅडमचा. मातीकामाचा मुकादम मी. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "काका, जमीन आहे तशीच ठेवायची आहे. मला फक्त पाणी कुठून येतं, कुठं जातं ते दाखवा."

मी चौथी नापास. पण पन्नास वर्षं धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, केली, बोड्या खोदल्या. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. मी पुढं चालायचो, मॅडम मागून कागदावर उतरवायच्या. मोहाची झाडं राहिली, टेकाडं राहिली, बोडीही राहिली. सातवा झेंडा बोडीच्या वरच्या उंचवट्यावर, ही जागा माझी. तिथं उभं राहिलं की मागं आमच्याकडच्या प्रतापगडाचा डोंगर दिसतो. ती जागा मी निवडली याचा मला अजून अभिमान आहे.

झेंडा असतो त्या जागेला ग्रीन म्हणतात. तिथलं गवत रोज दाढी केल्यासारखं कापतात. असं गवत लाडाचं असते. त्याला कीड लागते, बुरशी लागते, म्हणून औषध मारावं लागते. ते पाण्यासंगं खाली झिरपते. खाली रेती, रेतीखाली गिट्टी, गिट्टीत भोकांचा पाइप. पाइपाला उतार द्यायचा आणि पाणी पलीकडच्या बाजूला एका पक्क्या खड्ड्यात न्यायचं. बोडीकडं नाही. कारण बोडीत गिरजाबाईचे शिंगाडे होते.

गिरजाबाई आमच्या गावची ढिवरीण, मासे-शिंगाड्यांवर जगणारी. बोडी तिच्या घरानं ठेक्यानं घेतलेली. काम सुरू झालं तेव्हाच तिनं चौकात मला अडवलं होतं.

"भाऊजी, तुमच्या गवताचं औषध माझ्या शिंगाड्यात आलं त मी कोणाले धरू?"

"मले धर," मी म्हटलं. "एक थेंब येनार नाही."

चार माणसं ऐकत होती. मी शब्द देऊन बसलो.

पाइपाच्या नालीची पातळी मीच काढली होती, दसऱ्यानंतरच्या कडक उन्हात. मॅडमजवळ तिपाईवरची लेव्हल मशीन होती. मी म्हटलं, मशीन कायले पायजे? माझ्याजवळ नळी आहे. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन खुंट्यांना धरायची. दोन्हीकडं पाणी एका पातळीत राहते. तिथून मोजायचं. नळी मधे गवतात पडली होती. मॅडम म्हणाल्या, "काका, नळीत हवा नाही ना राहिली?"

"मॅडम, तुमचा जलम नव्हता तवापासून नळी धरून राहिलो मी."

मॅडम हसल्या, दुसऱ्या झेंड्याकडं गेल्या. मी नळी उचलून पाहिली नाही.

नाली बुजली. रेती पडली. गवताचे तयार गालिचे अंथरले. आणि आता दोन टँकर पाणी गेलं होतं कुठं?

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माळी पहिलं औषध मारणार होता. परवा शेठचे पाहुणे.  हॉटेलच्या धुलाईतून निळीची पुडी मागून आणली. साफसफाईसाठी पाइपाचं एक तोंड ग्रीनच्या कडेला वर ठेवलेलं असते, त्यात अख्खी पुडी सोडली. टँकरवाल्याला म्हटलं, अजून एक ओत.

"चाचा, तालाब बना रहे हो क्या?"

टँकर रिकामा झाला. खड्ड्याकडं गेलो. कोरडा. मग बोडीकडं निघालो.  देवाधर्माचा मी माणूस नाही, पण चालता चालता म्हणत होतो, नको दिसू, नको दिसू.

गिरजाबाई डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, बसून शिंगाडे तोडत होती. काठाच्या गवतातून निळी धार निघाली, पानांखाली शिरली.

"भाऊजी," तिनं हात थांबवला. "पानी निळं काऊन होऊन राहिलं?"

"नीळ हाय. मीच टाकली. कपड्याची हाय, भिऊ नको."

"आज कपड्याची. उद्या कोनती येते?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

नळीत हवा होती. उन्हानं तापलेल्या पाण्यात बुडबुडे धरतात, हे मला माहीत होतं. बुडबुडा असला की पातळी खोटी दाखवते. उतार उलटा, बोडीकडं पडला होता. ही गोष्ट अजून कोणालाच माहीत नव्हती. गिरजाबाईला निळा रंग दिसला होता, कारण माहीत नव्हतं. गप्प राहता आलं असतं.

मॅडम शेठसोबत हॉटेलच्या ओसरीवर होत्या. मी उभ्याउभ्या सांगितलं.

"नळीत हवा होती?" मॅडम म्हणाल्या.

"होती."

"मी विचारलं होतं काका."

"विचारलं होतं."

शेठनं चहाचा कप खाली ठेवला. "चाचा, परसों मेहमान हैं। घास को हाथ नहीं लगाना। एक बार के छिड़काव से क्या होता है? बाद में खोद लेना।"

"शेठ, शिंगाडे खाता का तुमी?"

"खाता हूँ।"

"मंग ह्याच बोडीचे खा. पाहुन्यायलेही द्या."

शेठ मॅडमकडं पाहू लागले. मॅडम कपाकडं पाहत होत्या. कोणी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी घरी आलो. बायकोनं दोनदा विचारलं, काय झालं. दोन्हीदा काही नाही म्हटलं.

यातून शिकण्यासारखं एवढंच. नळी लावायच्या आधी तिच्यातली हवा काढायची. आणि एकदा मोजलं की दुसऱ्यांदा दुसऱ्याच्या हातानं मोजून घ्यायचं, मग तो दुसरा वयानं कितीही लहान असो.

सकाळी सहाला फावडं घेऊन सातव्या झेंड्यावर गेलो. मधोमध गवताचा गालिचा कापून गुंडाळायला लागलो. माळी पंप पाठीवर घेऊन आला, मला कापलेल्या गवतात उभं पाहिलं आणि पंप खाली ठेवला. थोड्या वेळानं मॅडम आल्या, खांद्यावर तिपाई. शेठ काय म्हणाले ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी तिपाई रोवली, मशीन बसवली. आकड्यांची लांब पट्टी समोर उभी धरायला माणूस लागते.

पट्टी मी धरली.

"काका, सरळ धरा," मॅडम म्हणाल्या.

मी सरळ धरली.