रबराचं गांडूळ
नव्या रबरी चपलेचा वास आला की सिद्धेश्वर धरणावरचा तो रविवार आठवतो. आमच्या ऑफिसचे साहेब तापलेल्या दगडांवर गळ टाकून बसले होते आणि माशाला फसवायला शहरातून आणलेली रबराची मऊ गांडुळं, गळ पाण्यात बुडावा म्हणून बांधायच्या शिशाच्या लहानमोठ्या गोळ्या मला निवडायला लावत होते. “साहेब, लेकराला ताप हाय, निघू का?” मी विचारलं. “अगोदर एक मासा लागू दे,” ते म्हणाले. सुटका व्हावी म्हणून मी हलकी गोळी बांधली आणि रबराआड ओल्या मातीतलं खरं गांडूळ गुपचूप ओवलं. मासा लागला. “आता दर रविवारी तूच यायचं,” साहेब म्हणाले, आणि त्यांची बदली होईपर्यंत मी गेलो. परवा त्यांचा फोन आला, “अरे, तेच रबर आहे, मग मासा का लागत नाही?” मी म्हणालो, “गोळी आणखी हलकी लावून बघा, साहेब.”