वोमायचा शब्द

सिंगाबीची धावपट्टी सरकारची नव्हे, गावाची. गावानेच फावड्यांनी डोंगर खरवडून केलेली, चढणीची, जेमतेम साडेचारशे मीटर. खालच्या टोकाला दरी, वरच्या टोकाला डोंगराची भिंत. उतरायला आलेल्या विमानाला ऐनवेळी परत वर उठायची सोय नाही. तिथे विमानाने यावे की नाही, हे वोमाय सांगायचा. रोज सकाळी तो अनवाणी पट्टीभर फिरे आणि दर दहा पावलांवर टाच आपटे. टाच रुतली की पट्टी बंद. तसे वायरलेसवर कळवायचे. लोक म्हणत, म्हातारा भित्रा आहे. होताच तो भित्रा. शेजारच्या खोऱ्यात चाक रुतून उलटलेल्या विमानातून माणसे ओढून काढायला तो गेला होता. तेव्हापासून रात्रभर पाऊस झाला की सकाळी तो पट्टी दोनदा तुडवी.

त्याची धाकटी लेक येरी दोन दिवस वेणा देत होती. मूल आडवे आलेले. आरोग्यसेविकेने हात टेकले आणि विमान बोलवायला लावले. ते अकराच्या सुमारास पोचणार होते.

वोमाय पट्टीवर गेला, तर खालच्या टोकाची ओलसर जागा, जिथे चाके पहिल्यांदा टेकतात, ती एकदम साफसूफ. येरीचा नवरा कापिन आणि त्याचे भाऊ पहाटेपासून राबले होते. चिखलावर नेच्याची पाने अंथरून त्यांनी माती लोटली होती, वर हिरवळीचे तुकडे ठोकून बसवले होते. कुठे काय होते ते ओळखूही येईना.

"बघा मामा, कशी टणक केलीय," कापिन म्हणाला. त्याची नखे रक्ताळली होती.

वोमायने टाच आपटली. जमीन दबली नाही. त्याला इतका आनंद झाला की तिथेच बसकण मारावीशी वाटली. मग त्याने अंगाचा सगळा भार टाकून पुन्हा आपटली आणि पाय घोट्यापर्यंत आत गेला.

येरीला झोळीत घालून वायरलेसच्या खोपटाशी आणले होते. दरीतून इंजिनाचा आवाज येऊ लागला. वोमायला बाबा म्हणणाऱ्या वैमानिक एलियासने पट्टीची विचारपूस केली, तसे कापिनने पुढे होऊन बटण दाबले आणि पट्टी चांगली आहे, या, असे सांगून टाकले.

"हा बाबांचा आवाज नाही," एलियास म्हणाला. "बाबांना द्या."

कापिन सासऱ्याकडे वळला.

"वोमाय," तो म्हणाला.

जावयाने सासऱ्याचे नाव तोंडातून काढायचे नसते. आजूबाजूच्या बायका खाली बघू लागल्या.

"वोमाय, तुझीच पोरगी आहे ती. एक शब्द बोल."

हो म्हटले तर एलियास डोळे झाकून उतरणार. नाही म्हटले तर येरीला कोंबे गावच्या पट्टीपर्यंत न्यायचे, दीड दिवसाची डोंगरवाट. येरी त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिने काही मागितले असते तर त्याच्याने नाही म्हणवले नसते.

"बंद आहे," तो बटण दाबून म्हणाला. "खालचं टोक फसवं आहे. उतरू नकोस, बाळा."

एलियासने उद्या संध्याकाळपर्यंत कोंबेला थांबतो म्हणून सांगितले. विमान गावावरून एक फेरी मारून गेले. कापिनने आणि त्याच्या भावांनी झोळी खांद्यावर घेतली. वोमाय मागे निघाला, तेव्हा कापिनने मागे न बघताच त्याला येऊ नका म्हणून सांगितले.

पुढचे दोन दिवस लख्ख ऊन पडले. वोमायने रताळ्याला तोंड लावले नाही. वायरलेसपाशी बसून राहिला. त्याला एलियासचा आवाज हवा होता आणि त्या आवाजाचीच भीती वाटत होती. विमान कदाचित उतरलेही असते, असे मनात आले की तो उठून उभा राही आणि पुन्हा बसे.

तिसऱ्या दिवशी सकाळी एलियास बोलला.

"बाबा, येरी वाचली. दवाखान्यात आहे." मग तो म्हणाला, "बाळ वाटेतच गेलं."

वोमायने बटण दाबले आणि तसेच सोडून दिले.

"तिला आणि कापिनला आजच आणतो म्हणतोय. घरी यायचं म्हणून रडतेय ती," एलियास म्हणाला. "पट्टी कशी आहे?"

वोमाय पहाटेच खालच्या टोकाला जाऊन आला होता. दहादा टाच आपटली होती. जमीन दगडासारखी झाली होती.

"उघडी आहे," वोमाय म्हणाला.