मोईजभाईंची रेष

अमरावतीच्या इतवाऱ्यात, भाजीबाजाराच्या तोंडाशी गोवर्धनचा फोटो स्टुडिओ होता. काउंटरवर गोवर्धन हसायचा, फोटो काढायचा, गिऱ्हाइकाला चहा पाजायचा. मागच्या खोलीत पंख्याखाली कॉम्प्युटरसमोर मोईजभाई बसायचे आणि गोवर्धनने काढलेला फोटो माणसात आणायचे. अर्ध्या शहराच्या भिंतींवर त्यांच्या हातचं काम टांगलेलं होतं, पण एकावरही त्यांचं नाव नव्हतं. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही.

तरुणपणी ते निगेटिव्हवर काम करत. शिसपेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं, काचेवर निगेटिव्ह ठेवून खालून दिवा लावायचा आणि डोळ्याखालची काळी रेघ हळूहळू भरत न्यायची. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल लागते तिथे फोटो उजळतो. भिंग घेऊन शोधलं तरी त्यांच्या पेन्सिलीची खूण सापडत नसे. मग रोल गेले, कॉम्प्युटर आला. "या वयात हे बुढं काय शिकन," असं गोवर्धन चारचौघांत म्हणाला होता. मोईजभाई आठ दिवसांत शिकले.

त्यांना त्यातली एकच गोष्ट मनापासून आवडली, ती म्हणजे रेष. पडद्यावर एक चौकोन यायचा आणि त्यात खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात जाणारी एक तिरपी रेष. खालचं टोक म्हणजे फोटोतला काळोख, वरचं टोक म्हणजे उजेड. रेष मध्ये धरून जरा वर उचलली की चेहरा उजळायचा. खालून जरा दाबून वरून जरा उचलली, तिला नागमोडी वळण दिलं, की केस काळेभोर आणि दात शुभ्र. सगळी कारागिरी त्या 'जरा'त होती. "मीठ टाकल्यावानी उचलाची," मोईजभाई सांगत. "चिमटीनं. मुठीनं नाई."

ती वर्षं वऱ्हाडाला वाईट गेली. कापूस घरात येऊनही घर उठत नव्हतं. लग्नाच्या ऑर्डरी कमी झाल्या आणि हार घालून टांगायचे फोटो वाढले. मतदानाच्या कार्डावरचा नखाएवढा चेहरा वीतभर करून मागायला माणसं यायची आणि बाकावर एका ओळीत, न बोलता बसायची. "आपला धंदा काई थांबत नाई," गोवर्धन म्हणायचा, "आज लग्नाचा अल्बम नाई तं उद्या भिंतीची फ्रेम." आणि असं म्हणून हसायचाही. त्या बाकासमोर उभं राहून हसायला माणसाचं काळीज कशाचं असावं लागतं, देव जाणे.

त्याच वर्षांत कधीतरी मोईजभाईंच्या डोळ्यांवर पडदा धरू लागला. एका दिवसात काही झालं नाही, म्हणून त्यांना कळलंच नाही. जग थोडं मळकट झालं, ट्यूबलाइट पिवळी वाटू लागली, एवढंच. बायको हलीमाबी तांदूळ निवडताना त्यांच्याकडे पाहायची. "एक बार दिखा तो लो डाक्टर को," ती म्हणायची. मोईजभाई म्हणायचे, सीझन होऊ दे. पडद्यावरचे चेहरे त्यांना अंधारे दिसू लागले, तेव्हा त्यांनी आधी कॅमेऱ्याला दोष दिला, मग गोवर्धनच्या लाइटला. आणि रेष थोडी जास्त उचलली. पुढच्या महिन्यात आणखी थोडी. त्यांच्या लेखी ती अजून चिमूटच होती.

आता गिऱ्हाइकाने बोंब मारायला हवी होती की नाही? ज्याच्या त्याच्या फोटोतलं तोंड चुना फासल्यासारखं निघत होतं. पण बोंब कोण मारणार! गाव खूश होतं. स्थळासाठी फोटो पाठवणाऱ्या आया चांदूर रेल्वेहून यायला लागल्या. "गोवर्धनकडचा तो म्हातारा आहे ना, तो पोरगी गोरी करून देते." काळ्यासावळ्या मुलुखाला हेच हवं होतं. ज्यांच्या सात पिढ्या उन्हात गेल्या, त्यांच्या भिंतींवर पिठासारखी तोंडं टांगली गेली.

गोवर्धनला मात्र पहिल्या महिन्यातच कळलं होतं. त्याचे डोळे उत्तम होते. एकदा मोईजभाईंनीच विचारलं, "शेठ, मले जरा धुकट दिसून राह्यलं. डोळे दाखवून येऊ का?" गोवर्धनने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मोईजभाई, तुमच्या डोळ्यायले काय झालं? असा हात अख्ख्या जिल्ह्यात नाई. सीझन झाल्यावर जा." असे तीन सीझन झाले. वर एक हुकूमही होता: डिस्क भरून जाते, एका माणसाची एकच फाइल ठेवायची. म्हणून मोईजभाई काम झालं की मूळ फोटोवरच नवा सेव्ह करत.

स्टुडिओसमोर रस्त्यापलीकडे तानुबाई पोतं अंथरून बसायची. भातकुलीकडच्या एका गावाहून रोज सकाळच्या गाडीने वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर घेऊन यायची. नवरा कधीचाच गेलेला. घरात ती आणि तिची एकोणीस वर्षांची करिश्मा, दोघीच. करिश्मा काळी होती. तिचा रंग त्या भागातल्या ओल्या मातीचा होता, आणि त्या रंगात तिचे डोळे असे चमकायचे की सांबार घ्यायला आलेली बाई भाव करायचं विसरायची. पण स्थळं डोळ्यांकडे बघत नाहीत.

एका फाल्गुनात तानुबाई तिला हाताला धरून स्टुडिओत घेऊन आली. "भाऊ, जरा उजळ करा," ती मोईजभाईंना म्हणाली. करिश्माने जन्मात पहिल्यांदा एकटीचा फोटो काढून घेतला. शाळेतला एक होता, पन्नास पोरांचा, त्यात ही मागच्या ओळीत अर्धी झाकलेली. गोवर्धनने दिवे लावले, फोटो काढला. मोईजभाईंनी रेष धरली आणि वर नेली, वर नेली, त्यांना चेहरा नीट दिसेपर्यंत वर नेली. मग सेव्ह दाबलं.

कागद हातात आला तेव्हा करिश्मा पाहतच राहिली. "आई, हे कोण आहे?" ती म्हणाली. आईने डोळे वटारले तशी ती मोईजभाईंकडे वळली. "भाऊ, हे मी नाई."

मोईजभाईंना वाटलं पोरगी कौतुकच करतेय. ते समाधानाने हसले आणि म्हणाले, "तूच आहे बेटा. फक्त उजेडात आली."

त्या फोटोवर अकोल्याहून एक स्थळ आलं. पाच माणसं गाडी करून आली. करिश्मा पोहे घेऊन बाहेर आली तेव्हा मुलाच्या मावशीने पिशवीतून फोटो काढला, मुलीच्या तोंडाशेजारी धरला आणि सगळ्यांना दाखवला. "फोटो कोणाचा अन् पोट्टी कोणती?" मावशी म्हणाली. सगळे हसले, मुलगाही हसला. पोहे मात्र त्यांनी खाल्ले, बशा पुसून खाल्ले, मग उठले. करिश्मा ट्रे धरून तशीच उभी होती. पुढच्या दोन स्थळांनी तेच केलं, फक्त हसले कमी. तरी तानुबाईने फोटो बदलला नाही. त्या फोटोशिवाय कोणी दारातही आलं नसतं, हे तिला ठाऊक होतं.

श्रावणात वांग्याच्या वाफ्यात करिश्माला साप चावला. अमरावतीला आणेपर्यंत तिचं बोलणं बंद झालं होतं, आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर ती गेली.

दहाव्या दिवशी तानुबाई स्टुडिओत आली. रिकाम्या हाताने, पोतं नाही, टोपली नाही. गोवर्धनने चहा मागवला, पण तिने तो घेतला नाही. ती सरळ मागच्या खोलीत गेली आणि मोईजभाईंच्या शेजारी जमिनीवर बसली.

"भाऊ, तेरवीले फोटो पाह्यजे. पण माह्या पोरीचा पाह्यजे. होती तशी. काळी. तिले पांढरं करू नोका."

मोईजभाई पडद्याकडे वळले. त्यांनी फाइल उघडली. करिश्मा पडद्यावर आली, त्यांच्या नजरेला नेहमीसारखी, किंचित सावळी. त्यांनी रेष धरली आणि खाली ओढली. चेहरा काळवंडला.

"असं?"

"नाई. अजून."

आणखी खाली. "आता?"

"भाऊ, अजून पांढरीच दिसून राह्यली."

मोईजभाईंनी पडद्याला नाक लावलं. "ताई, आता तं मले तिचं नाकही दिसत नाई. अंधार झाला पुरा."

तानुबाई उठून उभी राहिली. तिने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्या तोंडाकडे. मग त्यांची हनुवटी धरून चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला, वांगं किडकं आहे का पाहावं तसा. "तुमच्या बुबुळावर सारं पांढरं आलं हाय," ती म्हणाली. "माह्या सासूले होतं असंच. मोतीबिंदू हाय हा. तुमाले दिसत नाई, भाऊ."

मोईजभाईंनी हाक मारली, "शेठ!" गोवर्धन दारात आला. "शेठ, खरं सांगा. या पोरीचा फोटो कसा दिसते?"

गोवर्धनने बाईकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. खोटं बोलण्यात आता फायदा नव्हता. "पांढरा आहे," तो म्हणाला. "तीन सालापासून सारेच पांढरे आहेत. लोकायले आवडते, मोईजभाई. तुमचे डोळे चांगले असते तं इतकं गिऱ्हाईक आलं असतं का? मी काहून सांगू?"

हे तो अगदी साधेपणाने म्हणाला. त्याला त्यात काही वाईट दिसतच नव्हतं.

"पैलेचा फोटो हाय ना?" तानुबाईने विचारलं. "काढला तवाचा?"

मोईजभाईंनी नाही म्हणून मान हलवली. त्याच्यावरच सेव्ह केलेला. कॅमेऱ्याचं कार्ड त्याच दिवशी पुसलेलं. मग त्यांनी तिला ते सांगितलं, जे सांगायला त्यांना फार जड गेलं. रेष वर नेली की गालावरची सावली, नाकाच्या कडेची रेघ, कपाळाचा उतार, सगळं चढत चढत पांढऱ्याला जाऊन भिडतं. एकदा भिडलं की तिथे काहीच उरत नाही. नंतर रेष खाली ओढली तरी त्यातून पोरगी परत येत नाही. पांढऱ्याची नुसती राख होते.

पडद्यावर राखच होती. तीन दिवसांवर तेरवी आलेली, हार आणलेला. तानुबाईने पांढराच फोटो फ्रेम करून नेला. जाताना गोवर्धनने तिच्याकडून पूर्ण दाम घेतला.

दिवाळीनंतर शिबिरात मोईजभाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी सुटली तेव्हा त्यांना आधी हलीमाबीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिसल्या. मग समोरच्या भिंतीवरचा त्यांनीच केलेला घरच्यांचा फोटो दिसला. त्यांनी तो उतरवला आणि पालथा ठेवला. नंतर कितीतरी दिवस ज्या घरात जावं तिथे भिंतीवर तेच. मेलेली माणसं, सगळी एका रंगाची, पिठाची.

स्टुडिओत ते चिमटीने काम करू लागले. माणसं माणसांसारखी निघू लागली, आणि आठवडाभरात तीन आया फोटो परत घेऊन आल्या. गोवर्धन आत येऊन म्हणाला, "पैलेसारखं करा. नाई तं तुमी डोळे कशाले दुरुस्त केले?" मोईजभाईंनी चष्मा पुसला, जुना डबा उघडून शिसपेन्सिली खिशात घातल्या आणि बाहेर पडले. तीस वर्षांची खुर्ची सोडायला त्यांना तेवढाच वेळ लागला.

ते रस्ता ओलांडून तानुबाईच्या पोत्यापाशी आले आणि उकिडवे बसले. त्यांच्याजवळ करिश्माच्या फोटोची एक फिकी प्रत होती, मुद्दाम खरखरीत कागदावर काढलेली. हातात तासलेली पेन्सिल होती. पेन्सिलीने ते तिला परत आणणार होते. तीन सालांत केलेल्या सगळ्या पापांपैकी हे एक तरी निस्तरायचं होतं.

"ताई, आता मले दिसते," ते म्हणाले. "तुमी सांगा, मी काढतो. होती तशी. गालापासून धरू. गाल भरलेला होता का बसका?"

तानुबाईने भाजीवर मारायचं ओलं फडकं खाली ठेवलं. तिचा चेहरा उजळला. "गाल..." ती म्हणाली, आणि थांबली.

"बरं, नाक सांगा. शेंड्याले रुंद होतं?"

ती डोळे मिटून बसली. मोईजभाईंनी पेन्सिल कागदावर टेकवून ठेवली. एक बाई सांबाराचा भाव विचारून गेली, तानुबाईने ऐकलं नाही. मग तिने डोळे उघडले, आणि त्यांत एवढी भीती होती की मोईजभाईंना वाटलं, अजून दिसत नसतं तर बरं झालं असतं.

"भाऊ," ती म्हणाली, "चार महिने सकाळ-संध्याकाळ थ्या फोटोपुढं दिवा लावून राह्यली मी. आता डोळे मिटले का थेच येते. पांढरी. माही पोरगी येतच नाई."