भागीरथेच्या इंजिनाचं हँडल

भागीरथेनं बैलजोडी विकून पाणी उपसायचं डिझेलचं इंजिन आणलं, तेव्हा तिचे यजमान जानराव पोट धरून हसले होते. रेल्वेतला फिटर माणूस, बायको इंजिन चालवणार म्हटल्यावर हसणारच. पण भिलाईतल्या मजुरांच्या कॅम्प-एकच्या पल्याड, नाल्याकाठी तिची वाडी भर वैशाखात हिरवीगार झाली. वांगी, चवळी, पालक, काय नव्हतं? मग हेच जानराव गावभर मिरवत फिरले, "आमच्या घरी इंजिन हाय." आता इंजिन घरचं, पण ते फिरवून सुरू करायचं हँडल बाईचं. ती ते ट्रंकेत कुलपात ठेवायची, नवऱ्यालासुद्धा हात लावू द्यायची नाही.

तिला एकच गोष्ट खुपायची. भिलाईचा कारखाना उभा राहत होता, आणि तिथं घमेली वाहणाऱ्या रेजांना, म्हणजे मजूर बायांना, उन्हाळ्यात धड भाजी मिळत नव्हती. बाहेरचा माल आधी सेक्टरमधल्या साहेबांच्या बंगल्यांवर जायचा. यांच्या वाट्याला उरलंसुरलं, सडकं. म्हणून भागीरथेची हातगाडी पहिले कॅम्पात थांबायची, मग बंगल्यांकडे जायची. भाव दोघांनाही एकच. एक ठेकेदार दुप्पट भावानं सगळी वाडी बंगल्यांसाठी मागायला आला.

"साहेबलोकाइले म्हणा, कॅम्पातल्या बायाइच्या मागं लाइनीत उभे राहा," भागीरथा म्हणाली.

ऐन मे महिन्यात इंजिन बंद पडलं. पार्ट नागपूरलाच मिळणार होता. जानराव मिळेल त्या गाडीनं निघाले, आणि इकडे रोपांनी माना टाकल्या. भागीरथेचा जीव टांगणीला लागला. एकटी बाई घागरीनं किती पाणी घालणार?

संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर ठकूबाई आली, रेजांची मुकादम. मागे सगळी टोळी, हातात घमेली. एका शब्दानं न विचारता बाया नाल्यापासून वाफ्यांपर्यंत रांगेत उभ्या राहिल्या, स्लॅब टाकताना राहतात तशाच, आणि पाण्याचं घमेलं हातोहात सरकू लागलं. दिवसभर खपलेल्या बाया त्या. पार्ट येईस्तोवर रोज आल्या.

भागीरथेला रडू आवरेना. "ठकूबाई, तुमचे उपकार मी कसे फेडू?"

"उपकार कायचे?" ठकूबाई चिडलीच. "आमी आमची भाजी वाचवून राहिलो."

जानरावांनी पार्ट आणून बसवला. भागीरथेनं ट्रंकेतून हँडल काढलं. जानरावांनी मोठ्या आशेनं हात पुढे केला, पण तिनं ते ठकूबाईच्या हातात दिलं.

"जोरानं फिरवा," ती म्हणाली. "आपलं इंजिन हाय."