आत्याचा अलेग्रो

आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात, दुसऱ्या वळणावर, एक खुर्ची आहे. ती माझ्या बाबांनी ठेवली आहे, त्यांच्या धाकट्या बहिणीसाठी, म्हणजे माझ्या आत्यासाठी. लहानपणी एका तापानंतर तिचं हृदय नाजूक झालं होतं आणि डॉक्टर म्हणाले होते, हिला पळू देऊ नका. पुढे ती मोठी झाली, पुन्हा तपासण्या झाल्या, नव्या डॉक्टरांनी सांगितलं की सगळं ठणठणीत आहे, खुशाल पळा. ते मात्र बाबांनी कानाआड केलं. आत्याच्या केसांत पांढऱ्या बटा आल्या, तरी तिने जिन्यावर पाऊल टाकलं की मागून यायचंच, "हळू, बाळ, हळू." आम्ही पोरं तिला हळूआत्या म्हणायचो आणि तीही ओ द्यायची.

ही हळूआत्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते आणि आमच्या हौशी वाद्यवृंदात मागच्या रांगेत व्हायोलिन वाजवते. मी तिथेच चेलो वाजवते. मागच्या रांगेत दम लागत नाही, असं बाबांचं ठाम मत.

यंदा आमची मुख्य व्हायोलिनवाली मनगट मोडून बसली आणि सोलो आत्याच्या गळ्यात पडला. बरोक काळातला, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीचा युरोपातला कॉन्चेर्टो, त्याची पहिली मूव्हमेंट म्हणजे पहिला भाग, अलेग्रो, पट्टी डी मेजर. ही पट्टी म्हणजे व्हायोलिनचं माहेर. जी तार तुम्ही छेडलीच नाही, तीसुद्धा शेजारच्या तारेबरोबर झणझणायला लागते. आधी सगळे मिळून मुख्य धून वाजवतात, मग सोलो एकटी बाहेर सुटते, उड्या मारून येते, दारात डोकावते, धून पुन्हा वाजते, की ही परत पसार! मध्ये थोडा वेळ पट्टी मायनरमध्ये उतरते, आभाळ आल्यासारखं होतं, आणि मग पुन्हा लख्ख ऊन. मला तर नुसतं सांगतानाही बसवत नाही.

आणि आमचे मास्तर ते कुठल्या लयीत घेत होते? रेंगाळणाऱ्या वरातीच्या! मास्तर हार्पसिकॉर्डवर बसून मान हलवून आम्हाला चालवतात. हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोचा थोरला भाऊ, फक्त याच्या तारा ठोकल्या जात नाहीत, छेडल्या जातात. तालमीत आत्या न राहवून म्हणाली, "मास्तर, जरा पळवू या ना."

"अलेग्रो म्हणजे आनंदी," मास्तर म्हणाले. "पळा असं कुठे म्हटलंय?"

"आनंद झाल्यावर माणूस चालत बसतो का हो?"

आम्ही हसलो. मास्तर गोरेमोरे झाले आणि बोलून गेले, "अहो, तुमच्या दादांनीच सांगितलंय मला. हळू घ्या, तिला झेपणार नाही म्हणून."

आत्याने बो, व्हायोलिनचा गज, खाली ठेवला. मला वाटलं, आता ही उठून जाणार. पण ती नुसती म्हणाली, "बरं. पहिल्यापासून घेऊ." त्या दिवशी घरी जाताना ती खुर्चीकडे बघून थांबली. "लोकांना वाटेल मला एवढंच येतं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मला बाबांचा इतका राग आला की मी त्यांच्याशी जेवताना बोलले नाही.

कार्यक्रम दुपारी होता. पहिल्या भागात मास्तर आणि एक पाहुणा बासरीवाला. त्याची बासरी आजच्या सुराची, आणि आमचा कॉन्चेर्टो आम्ही जुन्या काळच्या रिवाजाने अर्धा सूर खाली लावतो. हार्पसिकॉर्डला दोन्ही सूर देता यावेत म्हणून त्याचा अख्खा कीबोर्ड एका कळीएवढा बाजूला सरकतो आणि फटीत लाकडी ठोकळा बसतो. बासरीसाठी मास्तरांनी कीबोर्ड वरच्या सुराला सरकवला. आम्ही आत ग्रीनरूममध्ये खालचा सूर लावून तयार. बासरी संपली, टाळ्या झाल्या, आम्ही येऊन बसलो, मास्तरांनी मान हलवली.

काय आवाज झाला तो! सगळे एका सुरात आणि मास्तर अर्धा सूर वर. कीबोर्ड परत सरकवायचा राहूनच गेला होता. दारात बोट चेमटल्यासारखे आम्ही थांबलो. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळंच सभागृह हसलं. मास्तरांनी घाईघाईने कीबोर्ड सरकवला, पण ठोकळा हातातून सुटून माझ्या पायाशी आला. मी उचलून दिला. बसवून झाल्यावरही त्यांची मान काही वर होईना.

"तुम्हीच सुरू करा, ताई," ते हळूच आत्याला म्हणाले.

पहिल्या रांगेत बाबा खुर्चीच्या कडेवर आले होते. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. बो उचलला, नाकाने श्वास घेतला, आणि त्या श्वासावरूनच मला कळलं, मेलो!

अशी सुटली! लय जवळजवळ दुप्पट. आम्ही सगळे तिच्यामागे धापा टाकत, आणि कमाल म्हणजे कुणीच मागे राहिलं नाही. मास्तरांची बोटं तर पोरासारखी उड्या मारायला लागली. मायनरचा भाग आला, तिथेही ती रेंगाळली नाही, आभाळाखालूनच पळाली. मध्येच बाबा अर्धे उभे राहिले. त्यांच्या ओठांवरचा "ह" मला चेलोमागून स्पष्ट दिसला. आत्याने पाहूनही पर्वा केली नाही. त्या मोकळ्या तारा अशा झणझणत होत्या की माझ्या चेलोच्या पोटात गुदगुल्या होत होत्या, आणि मी हसत होते आणि रडतही होते, कारण बाबांच्या बाळाला मी जन्मात पहिल्यांदाच पळताना बघत होते.

शेवटचा सूर संपला तेव्हा लोक उभे होते. मास्तरांनी पदरचं, म्हणजे खिशातलं, एक चॉकलेट काढून तिच्या हातात ठेवलं. दुसरं काही सुचलंच नसणार.

घरी आलो तर लिफ्ट बंद. आत्याने व्हायोलिनची पेटी बाबांच्या हातून काढून घेतली आणि जिना चढायला लागली. चढायला कसली, धावायला! बाबा मागे, "अगं... अगं..." करत. मी सगळ्यात शेवटी. वर दार उघडल्याचा आवाज आला, आणि आत्याचं हसू.

दुसऱ्या वळणावर पोचले तर बाबा खुर्चीत बसले होते. छातीवर हात, चेहरा लालबुंद.

"हळू, दादा," वरून आत्या ओरडली. "हळू."