बर्टीचं मनगट

पिस्तुलाला तेल चाखवावं, न्हाऊ घालू नये, हे बर्टी लस्क वर्षानुवर्षं दुसऱ्यांना शिकवत आली होती. आणि तरीही ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपलं नवं पिस्तूल उघडलं, फवाऱ्याच्या डबीची लाल नळी स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकत्या भागाच्या, पाठीमागच्या बारीक भोकात खुपसली आणि टीव्हीवरच्या अमेरिकन फुटबॉलकडे बघत बघत बोट दाबलं. नेमका त्याच वेळी गावच्या पोरानं हातातला बॉल सोडला. बर्टीनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण बोट काही उचललं नाही.

त्या भोकात काडतुसाच्या बुडावर आदळणारी सळई असते. ती जागा कोरडी ठणठणीत हवी. तेल गेलं की त्यात जळक्या दारूची काजळी मिसळते, चिखल होतो आणि सळई आदळायच्या ऐवजी शेजारणीच्या दारावर टकटक केल्यासारखी नुसती टेकते. हे बर्टीला पाठ होतं. पण नव्या सुनेचं कौतुक जरा जास्तच होतं, तसं झालं.

पिस्तूल होतंच तसं गोजिरं. प्लास्टिकच्या सांगाड्याचं, तळहाताएवढं, कमरेला लावून वर स्वेटर ओढला की हवेत विरघळणारं. हॅनाज फोर्क या खाणवाल्यांच्या गावात बर्टीची लाँड्री होती. यंत्रांतली नाणी पिशवीत भरून बँकेत नेताना तीस वर्षं तिच्या कमरेला पोलादी रिव्हॉल्व्हर असे. ते सोडवलं क्लीट हेगरनं. क्लीटचं गावात बंदुकांचं दुकान, आणि शाळेत तो बर्टीच्या मागच्या बाकावरचा.

"बर्टे, रिव्हॉल्व्हर म्हणजे तुझ्या आजीचा रेडिओ गं," तो म्हणाला होता. "हे घे. चिखलात टाक, नदीत बुडव, वाजणार म्हणजे वाजणार. आणि ही तेलाची डबी. चार डॉलर. सुट्टे नाहीत? नाण्यांत लोळणाऱ्या बाईकडे सुट्टे नाहीत! असू दे, नंतर दे."

तर शुक्रवारी तेल पाजलं आणि शनिवारी गावच्या नेमबाजी क्लबाच्या चांदमारीच्या मैदानावर स्पर्धा. बर्टीची पाळी आली. चार गोळ्या गेल्या. पाचव्या वेळी चाप ओढला तर नुसतं टक्. शिकवल्याप्रमाणे तिनं गोळ्यांच्या मॅगझिनच्या बुडाला थाप मारली, स्लाइड ओढली, पुन्हा चाप. टक्.

मागच्या बाकावरून, कॉफीचा कप खाली न ठेवता, क्लीट ओरडला, "मनगट! मनगट ढिलं पडलं बाईचं!"

आता ही हलकी पिस्तुलं सैल हातात धरली तर अडखळतात, हे खरं. पण तेव्हा रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये अडकून उभी राहते. इथं गोळी सुटलीच नव्हती, अडकायला पुंगळी कुठली? क्लीटनं उठून नुसतं बघितलं असतं तरी कळलं असतं. पण तो उठला नाही. सगळी बाकं हसली. शेडमधल्या खिळ्यावरून मनगटपट्टी उतरली.

ही पट्टी म्हणजे क्लबाची जुनी चाल. कुणाचं तरी मनगट मोडलं होतं तेव्हाची, घामानं पिवळी पडलेली. स्वतःच्या चुकीनं ज्याचं हत्यार अडेल त्यानं ती घालायची, मैदानावर आणि गावातही, पुढचा गडी सापडेपर्यंत. पट्टीवाल्याला एकच हक्क. ज्यानं नाव ठेवलं त्याला एकदा, चारचौघांत, तो म्हणू शकतो, "तूच मारून दाखव." त्याच्या हातात सगळं मॅगझिन सुरळीत सुटलं तर पट्टीवाल्याची पट्टी ईस्टरपर्यंत. अडलं, तर पट्टी त्याची.

क्लीटनं ती आपल्या हातानं बर्टीच्या मनगटावर आवळली. "जपून गं," म्हणाला. "ओल्या चादरी उचलताना लचकेल."

बर्टी हसली. बर्टी हसली की शहाणी माणसं दोन पावलं मागं सरत. क्लीट तिथंच उभा राहिला.

सोमवारी सकाळी तिनं गावच्या जेवणघरात पाऊल टाकलं तर टेबलाटेबलावर तिच्याच पिस्तुलाची उत्तरीय तपासणी चाललेली. पावासारख्या मऊ बिस्किटांवर पांढरी ग्रेव्ही ओतता ओतता जो तो आपला दाखला देत होता.

"माझ्याकडे तेच आहे. हजार गोळ्या, शिंक नाही."

"माझ्याला चपट्या नाकाच्या गोळ्या चालत नाहीत. जावयासारखं आहे, ठरावीकच खातं."

"पहिल्या दोनशे गोळ्या धरायच्याच नाहीत. अंग मोकळं व्हायला लागतं त्याला."

"आणि त्या दोनशे व्हायच्या आत दारात चोर आला तर?"

"त्याला म्हणायचं, बाबा, गुरुवारी ये."

मग सगळ्यांच्या नजरा पट्टीवर. "मिस बर्टी, हात कसाय?" मिस बर्टीनं कॉफी संपवली आणि हसणारे चेहरे एकेक करून मनात टिपून घेतले.

हसण्यानं तिचं काही बिघडत नव्हतं. बिघडवलं क्लीटच्या पुढच्या चालीनं. बायकांचा नेमबाजीचा वर्ग बर्टी दर रविवारी घ्यायची. नर्स, शिक्षिका, रात्रपाळीच्या पेट्रोलपंपवाल्या, सगळ्या तिच्या हाताखालून गेलेल्या. सहा दिवस ती गावाचे मोजे धुणारी बाई. रविवारी दुपारी मात्र तिनं "थांबा" म्हटलं की अख्खी रांग श्वास रोखायची. क्लीटनं क्लबात पिल्लू सोडलं की ढिल्या मनगटाच्या बाईनं काय शिकवावं? त्याचा जावई ब्रोडी हल्ली रिकामाच असतो, त्याला द्या वर्ग. डिसेंबरात क्लबाचं दरवर्षी घेवड्याचं जेवण असे, त्याआधीच्या सभेत मत घ्यायचं ठरलं.

बर्टी पिस्तूल आणि न सुटलेलं काडतूस घेऊन ऑर्व्हिल मेनार्डकडे गेली. हा खाणीतला म्हातारा इलेक्ट्रिशियन, आता गॅरेजमध्ये लोकांच्या बंदुका बऱ्या करायचा. त्यानं काडतुसाचं बूड भिंगाखाली धरलं. सळईचा खड्डा असायला हवा तिथं पिसू चावल्याएवढी खूण.

"मनगटाचा काही संबंध नाही," तो म्हणाला. त्यानं स्लाइड उघडली, भोकात कापसाची काडी फिरवली. काडी बाहेर आली ती काकवीत बुडवल्यासारखी. "बर्टी, हे कुणी गं केलं?"

बर्टी छताकडे बघत राहिली.

"म्हणजे पट्टी तुझीच की."

"तेलाची असती तर घातली असती निमूट," बर्टी म्हणाली. "त्यानं मनगटाची घातलीय. न बघता. बाई दिसली की मनगट दिसतं त्याला."

ऑर्व्हिलनं दुसरी काडी उचलली तसा तिनं त्याचा हात धरला. "पुसू नकोस. होतं तसं लाव."

"अडेल ते."

"अडू दे. माझ्या हातात अडायचं ते अडून झालं."

ऑर्व्हिलनं तिच्याकडे बघितलं, स्लाइड बसवली आणि म्हणाला, "तुझ्याकडे कपडे धुवायला टाकताना खिसे नीट तपासायला हवेत मला."

सूड एकीकडे, जीव एकीकडे. त्या दिवसापासून कमरेला तिनं पुन्हा आजीचा रेडिओ लावला आणि ते गोजिरं पिस्तूल कपाटात ठेवलं. पट्टी सहा आठवडे मनगटावर मिरवली. पट्टीच्याच हातानं ती सुट्टे द्यायची, पट्टीच्याच हातानं चर्चमध्ये भजनाचं पुस्तक धरायची. दर वेळी काढताना ती वेल्क्रोचा खर्र आवाज ऐकायची आणि तो क्लीटच्या मनगटावर कसा वाटेल याचा मनाशी अंदाज घ्यायची. थंड तेल घट्ट होतं, हेही तिला पाठ होतं. म्हणून सभेच्या आदल्या रात्री पिस्तूल पिकअपच्या मागच्या पेटीत झोपलं. सकाळी काचेवर बोटभर हिमाचा थर होता. बर्टीनं तो खरवडताना शीळ घातली.

सभेआधी सगळे मैदानावर जमले. बर्टी पुढं झाली, पट्टीचा हात वर केला आणि म्हणाली, "क्लीट हेगर, तूच मारून दाखव."

शेडमध्ये घेवडा ढवळणारी पळीसुद्धा थांबली.

"बर्टे, कशाला स्वतःचं हसं करून घेतेस?" क्लीट म्हणाला. पण चाल ती चाल. "गोळ्या मात्र माझ्या. तुझ्या धुलाई पावडरीतल्या नकोत."

"खुशाल. हातही तुझाच."

त्यानं आपल्या दुकानातली नवीकोरी पेटी फोडली, मॅगझिन भरलं, पाय रोवले. पहिली गोळी सुटली. दुसरी सुटली. ब्रोडीनं टाळी वाजवली. तिसरी सुटली आणि बर्टीनं मनातल्या मनात पिस्तुलाला शिवी हासडली. हे भिकारडं नेमकं आजच शहाण्यासारखं वागतंय? ईस्टरपर्यंतची पट्टी, रविवारचा वर्ग, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

टक्.

क्लीटनं नळी निशाणाकडेच ठेवली, बुडाला थाप मारली, स्लाइड ओढली, चाप दाबला. टक्.

मग मागच्या बाकावरून ऑर्व्हिल, कॉफीचा कप खाली न ठेवता, म्हणाला, "मनगट, क्लीट."

आणि बाकं फुटली. "मनगट! मनगट!" ज्यांनी जेवणघरात बर्टीचा हात कसाय म्हणून विचारलं होतं, तेच सगळ्यात जोरात ओरडत होते. बर्टीनं पट्टी सोडली. खर्र. क्लीटच्या मनगटाभोवती ती अगदी सावकाश, नर्सच्या मायेनं आवळली.

"थांब," तो म्हणाला, कान लाल झालेले. "आत काहीतरी आहे. मला उघडून बघू दे."

एवढं एकच वाक्य तिला नको होतं. पण त्याचं उत्तर सहा आठवडे तिच्या जिभेवर तयार होतं.

"माझ्या वेळी कुणी उघडून बघितलं होतं, क्लीट?"

क्लीटनं पिस्तूल खाली ठेवलं. ऑर्व्हिलनं पुढं होऊन पिस्तूल रिकामं केलं आणि आपल्या कोटाच्या खिशात टाकलं. "मी बघतो काय ते." आणि ते खोटं नव्हतं, भोक साफ करणार तोच होता.

सभेत हात वर करायची पाळी आली तेव्हा क्लीटचा पट्टीचा हात वर जाता जाता मध्येच थांबला, कारण पुन्हा हशा पिकला. वर्ग बर्टीकडेच राहिला.

जेवताना क्लीट मक्याच्या पावाचा तुकडा हातात घेऊन तिच्यासमोर येऊन बसला. "बर्टे, एक सांग. मी दिलेलं तेल कुठं कुठं मारतेस तू?"

"कुठलं तेल?"

"लाल नळीची डबी. चार डॉलर राहिलेत तिचे."

"देईन की. तुझा हात बरा होऊ दे आधी, घेणार कसा?"

क्लीटनं पावाचा तुकडा तोंडात टाकला. त्याला कळलं की नाही, देव जाणे. एवढं खरं की तो पुन्हा कधी कुणाच्या मनगटाबद्दल बोलला नाही. दुकानात कुणी तक्रार घेऊन आलं की आधी मुकाट्यानं स्लाइड उघडायचा. डाव्या हातानं, कारण उजव्यावर पट्टी.

ऑर्व्हिलनं भोक कोरडं केलं. पिस्तूल मग असं चाललं की पाचशे गोळ्यांत शिंकलं नाही. वसंतात वर्गाची नवी तुकडी सुरू झाली तेव्हा बर्टीनं पहिल्याच दिवशी त्याची स्लाइड उलटी धरून त्या भोकाभोवती लाल रंगानं गोल काढला. "इथं तेल नाही. मेलात तरी नाही."

"घातलं तर काय होतं, मिस बर्टी?" एकीनं विचारलं.

"मनगट ढिलं पडतं," बर्टी म्हणाली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळली.

लाँड्रीत, पावडरीच्या फळीवर, एका फुटक्या कपात पाव डॉलरची सोळा नाणी वेगळी काढून ठेवलेली आहेत. बँकेत जाताना वाटेत क्लीटचं दुकान लागतं. बर्टी रोज पिशवी उचलते, कपाकडे बघते आणि कप तिथंच ठेवून निघते.